तुळशीरामच्या वाटेचं आमंत्रण

अकोल्याच्या गाडीचा कंडक्टर भर तासाला वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, गाडीत कुणाची तरी पिशवी राहिली असेल ती द्यायला आला. खाकी कपडे, गळ्यात चामड्याची पैशांची पिशवी, काखेत तिकिटांची पेटी. मी आठवीला इतिहास शिकवत होतो. तो म्हणाला, “देशमुख मास्तर तुमीच ना? वानखडे साहेब गेले आज सकाळी. बाईनं सांगतलं, तारेच्या आधी तू पोचशीन, हातोहात निरोप दे.” एवढं सांगून तो वळलासुद्धा, त्याच्या गाडीची परतीची वेळ झाली होती. आणि मी... मी काय करावं? मी तास पूर्ण केला. फळ्यावरचा अर्धा राहिलेला वंशवृक्ष शेवटच्या राजापर्यंत काढला, गृहपाठ दिला, हजेरीवर सही केली. घंटा झाल्यावर हेडमास्तरांच्या नावे रजेचा अर्ज लिहिला आणि कारण लिहिलं, डोकेदुखी. माझा मित्र वारला, एवढं सरळ लिहायला माझ्या हाताला काय धाड भरली होती, ते मला आज दोन महिने झाले तरी कळलेलं नाही.

अकोल्याला पोचलो तर सरकारी क्वार्टरसमोर माणसंच माणसं. मी अमरावतीहून येताना हार घेतला होता, तो हातात धरून कुठं उभं राहावं ते समजेना. भिंतीवर बुद्धाची तसबीर, समोर मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतले लोक एका सुरात वंदना म्हणत होते. मी हात जोडले, पण ओठ कुठले हलवू? इतकी वर्षं या माणसाबरोबर डोंगर चढलो, त्याच्या डब्यातली भाकर खाल्ली, आणि त्याच्या घरी मेल्यावर काय म्हणतात तेवढं मला ठाऊक नव्हतं. वर कडी म्हणजे बाहेर आल्यावर मी त्याच्या एका नातेवाइकाला विचारलं, “तेरवी कधी आहे?” तो शांतपणे म्हणाला, “आमच्यात आता तेरवी नसते, गुरुजी.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुभद्रावहिनींनीच, म्हणजे तुळशीरामच्या पत्नीनं, मला सोडवलं. रडून डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीचा. “बसा भाऊजी. उन्हातून आले. पाणी घ्या.”

तुळशीराम वानखडे बंडिंग खात्यात होता. शेताच्या उतारावर बांध घालून पाणी आणि माती अडवायची, ते हे खातं. साहेब लोक त्याला मृद्संधारण म्हणत, शेतकरी बंडिंग म्हणत, आणि तुळशीराम नुसतं ‘काम’ म्हणे. वऱ्हाड आधी मुंबई राज्यात गेलं, मग महाराष्ट्रात आलं, त्याच्या कचेरीची पाटी दोनदा रंगवली गेली, पण हा गडी त्याच जुन्या सायकलवर तीच मोजणीची साखळी लटकवून खेडोपाडी फिरत राहिला. काळा, काटक, बोलायला तुसडा. एक खोड होती. कुठंही थांबला की बाटलीतलं थोडं पाणी जमिनीवर ओतायचा आणि ते कुणीकडं जातं ते उकिडवा बसून बघायचा. आमच्या घराच्या ओट्यावरही त्यानं तसंच केलं होतं पहिल्या दिवशी. माझी आई आतून म्हणाली, “हा कोण रे बाबा, सडा घालून राहिला?” त्या दिवशी त्याला चहा दिला तो वेगळ्या कपात. तो कप पुढंही त्याचाच राहिला. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि मी घरातला कर्ता पुरुष असून आईला एका शब्दानं बोललो नाही. हे आज छापून सांगायला जड जातंय, पण पुढं जे सांगायचं आहे ते याच्याशिवाय सांगता येणार नाही.

आमची ओळख झाली ती भांडणातून. परतवाड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याच्या खेड्यातून चिखलदऱ्याच्या पठारावर एक जुनी पायवाट चढते. सात वळणांची. पठारावरच्या गवळणी डोक्यावर खव्याची टोपली घेऊन त्याच वाटेनं परतवाड्याच्या बाजाराला उतरतात. मोटारीचा रस्ता आहे, पण तो लांबून, फेऱ्याचा. मी आणि शाळेतले दोघं मास्तर पठारावरचा किल्ला बघून त्या वाटेनं उतरत होतो. वळसा कशाला घाला म्हणून दोन वळणांच्या मधून सरळ खाली घसरलो, मातीतून, हसत, ओरडत. खालच्या वळणावर हा उभा, कमरेवर हात ठेवून. “ओ भाऊ! तिथूनच परत वर जा.” मी म्हटलं, “का म्हणून?” म्हणतो कसा, “पावसाले वाट दाखवून राहिले ना तुमी, म्हणून.” माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! मी तालुक्यात नाव असलेला मास्तर, आणि हा हाफ पँटीतला इसम मला शिकवणार? मी म्हटलं, “वाट तुझ्या बापाची आहे का?” तो चिडला नाही. बाटली काढली आणि आम्ही घसरलो तिथं वरून पाणी सोडलं. पाणी आमच्या टाचांनी पडलेल्या चरीतून सरळ धावत खाली आलं, खालच्या वाटेवर पडलं आणि वाटेच्या काठाची चिमूटभर माती घेऊन दरीकडे गेलं. “हे बाटलीभर,” तो म्हणाला. “आता आषाढातलं धरा.”

आम्ही परत वर गेलो नाही. खोटं कशाला बोलू? आम्ही तोंडं फिरवून निघून गेलो, आणि बसमध्ये त्याची नक्कल करून पोट धरधरून हसलो. पण पावसाळ्यानंतर मी पुन्हा तिकडं गेलो, तर आमच्या घसरण्याच्या जागी गुडघाभर खोल ओघळ पडला होता. खालच्या वळणाचा काठ कोसळला होता आणि एक गवळण टोपली सावरत, डोंगराच्या भिंतीला पाठ घासत, तिथून पाय टाकत होती. मी तिथंच बसलो. मग चौकशी करून बंडिंगच्या कचेरीत त्याला शोधला आणि माफी मागायला गेलो. त्यानं माफीबिफी ऐकून घेतली नाही. म्हणाला, “रविवारी टोपलं घेऊन या.”

त्या रविवारपासून आमचा सहा-सात जणांचा घोळका झाला. महिन्यातून एकदा तरी वाट चढायची, आणि चढताना तुळशीरामची शिस्त. डबकं आलं तर त्याला वळसा घालायचा नाही, सरळ मधून चिखलात पाय घालून जायचं. कारण सगळ्यांनी कडेनं पाय टाकले की कडेचं गवत मरतं, वाट हातभर रुंद होते, पुढच्या पावसात डबकं आणखी पसरतं, माणसं आणखी कडेनं जातात. जोडीनं गप्पा मारत चालायचं नाही, एकामागं एक. वळण कापायचं नाही, मग वाघ मागं लागला तरी. काठी टेकायची ती डोंगराच्या अंगाला, दरीच्या काठावर नाही, काठ उकलतो. वाटेच्या ओठावरचं झुडूप धरून लोंबकळायचं नाही, तेच माती धरून बसलेलं असतं. जागोजागी त्यानं वाटेवर तिरप्या दगडांच्या ओळी बसवल्या होत्या, पाणी वाटेवरून धावू नये, बाजूला उतरावं म्हणून. त्या ओळीत पाला साचलेला दिसला की बोलायचं नाही, वाकायचं नाही, जाता जाता पायानं सारून पुढं जायचं. आणि मोठ्या पावसानंतर चार-पाच दिवस तर वाटेवर पायच ठेवायचा नाही. “माती भिजली का लेकरासारखी रायते,” म्हणे, “तिले तेव्हा हात लावू नोका.” माझी बायको माझं धोतर धुऊन धुऊन वैतागली. एकदा तिनं त्यालाच धरलं. “का हो भाऊ, चांगल्या माणसाले चिखलातून कावून चालवता?” तो म्हणाला, “वयनी, धोतर धुता येते. डोंगर कसा धुता?”

एका गोष्टीचा मात्र मला राग येई. तो नेहमी सर्वांत मागून चालायचा. मी म्हणायचो, तुळशीराम, वाट तुझी, तू पुढं हो. नाही. माझं डोकं मास्तरचं, त्याला लगेच अर्थ सुचतात. मला वाटे, पिढ्यान्‌पिढ्या मागं राहायची सवय लावली आपण या लोकांना, ती याच्या अंगातून जात नाही. एकदा मी सगळ्यांसमोर हात धरून त्याला ओढून पुढं आणलं आणि एक छोटंसं भाषणच ठोकलं. समानतेवर. तो मुकाट्यानं पुढं चालला, दोन वळणं. मग दगडावर बसला, सगळ्यांना पुढं जाऊ दिलं, आणि पुन्हा शेवटी. मी विचारलं तर एवढंच म्हणाला, “मागून दिसते, मास्तर.” काय दिसते ते मी विचारलं नाही. मला वाटलं, फार खोल काहीतरी बोलला.

त्याच्या गावाला मी एकदाच गेलो, अकोल्याच्या पलीकडं. धर्म बदलून गावातल्या त्याच्या लोकांना चार-पाच वर्षं झाली असतील. वेशीशी पोचलो तर गाडीवाट सरळ गावात जात होती, पण तुळशीराम डावीकडं वळला. गावाला बाहेरून वळसा घालून, नाल्याच्या काठाकाठानं त्याच्या वस्तीकडं जाणारी एक अरुंद पायवाट होती. मी म्हटलं, “इकडून का?” तो म्हणाला, “हा आमचा रस्ता.” बस. पुढं दहा पावलांवर थांबला, खाली वाकला आणि वाटेत पडलेला ओघळ मला दाखवायला लागला. नाल्याचं पाणी काठ कसा खात आलंय, कुठं दगड लावले तर थांबेल, वगैरे वगैरे. माझं लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात घंटा वाजत होती. अरे, हे असं आहे होय! ज्याला आयुष्यभर गावाच्या कडेनं चालावं लागलं तो माणूस आता सगळ्यांना एकाच वाटेनं, मधून, चिखलातून चालायला लावतोय! किती मोठं आहे हे! मी त्याला तसं बोललो नाही. मनात मात्र जपून ठेवलं, एखाद्या ठेव्यासारखं. आणि पुढं ते काढून वापरलंही, तेच सांगायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याची बदली अकोल्याला झाली. रविवार सुटले, आमचा घोळका विस्कटला. या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली, झाडपाला झाला, दवाखाना झाला, उतार पडेना. मी शेवटचा भेटलो तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, हातांच्या काड्या. मी इकडचंतिकडचं बोलत बसलो, माणूस जाणार हे दिसत असताना आपण शाळेच्या बदल्या आणि कापसाचा भाव यावर का बोलतो कोण जाणे. त्यानं मध्येच मला थांबवलं. “मास्तर, तिसऱ्या वळणावर लक्ष ठेवजा. तिथी दगड हालले आहेत. यंदा थे वळण गेलं तर वाट गेली. गवळणीचे हाल होतीन.” मी म्हटलं, “अरे, तू बरा हो, आपण मिळून बसवू.” तो म्हणाला, “मी सांगून राहिलो ना.” तेवढाच थोडा चिडला. मी हो म्हटलं. तोंडदेखलं नव्हे, अगदी मनापासून हो म्हटलं होतं...

आणि मी काय केलं? याच पुरवणीत, श्रावणाच्या सुरुवातीला, एक आमंत्रण छापून आणलं. वाचकांपैकी बरेच जण त्याला मान देऊन आले होते, म्हणून तुमच्यापुढंच हे बोलायला हवं. ‘कै. तुळशीराम वानखडे यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या आवडत्या वाटेवरून सामुदायिक पदयात्रा. सर्वांनी यावे.’ मला वाटलं होतं, पंचवीस-तीस माणसं येतील. परतवाड्याच्या स्टँडवर उतरलो तर शंभराच्या वर! शाळेतले मास्तर, त्याच्या खात्यातले लोक, अमरावतीच्या वस्त्यांमधली बौद्ध मंडळी, बायाबापड्या, सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. माझा ऊर भरून आला. त्याच्या हयातीत सहा-सातच्या वर माणसं जमत नव्हती हो! सुभद्रावहिनीही अकोल्याहून आल्या होत्या. पायथ्याशी त्या वाटेच्या तोंडाला थांबल्या. आदल्या दोन दिवसांत बदाबदा पाऊस झाला होता. त्यांनी चप्पल काढली, अंगठ्यानं माती दाबून बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, आज नोका नेऊ लोकाईले. माती ओली आहे. थे असते तर गेले नसते.” मला ऐकू आलं. समजलंही. तरी मी म्हणालो, “वहिनी, एवढे लोक प्रेमानं आलेत, त्यांना परत कसं पाठवू?” त्या चप्पल हातात घेऊन रांगेच्या शेवटाकडं गेल्या.

मी सगळ्यांत पुढं होतो. तुळशीरामची तसबीर माझ्या हातात होती ना! मागं काय चाललंय ते मला दिसायचं कारणच नव्हतं. वर पठारावर पोचलो, तसबीर दगडावर ठेवली, फुलं वाहिली, वंदना झाली, आणि मी बोलायला उभा राहिलो. गावाबाहेरची ती कडेची वाट, आणि इथली ही सर्वांची एक वाट. मी तो ठेवा उघडला आणि मनसोक्त उधळला. “तुळशीरामनं माती राखली नाही, त्यानं आपल्याला एका वाटेवर आणलं!” असं काहीतरी बोललो. लोक गहिवरले. दोन-तीन जणांनी येऊन मिठी मारली. मीही रडलो, आणि आता लाज वाटते, पण आपलं भाषण चांगलं झालं हेही मला रडता रडता कळत होतं. वहिनी मागं, झाडाखाली बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता.

उतरताना त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी त्यांच्यासोबत थांबलो. लोक पुढं निघून गेले. त्या वाटेवर मी पहिल्यांदाच सर्वांच्या मागून चाललो होतो. आणि मग मला जे दिसलं... पांढरे कपडे मळू नयेत म्हणून माणसं डबक्यांना वळसे घालत होती. ज्या वाटेवर आधी एक पाऊल मावत होतं तिथं आता तिघं मावतील एवढा चिखल पसरला होता. दोन्ही कडांचं गवत भाकरीच्या पिठासारखं मळून निघालं होतं. तसबिरीला वाहायला म्हणून ओठावरच्या झुडपांच्या फांद्या फुलांसकट मोडल्या होत्या. चांगली, डोळे पुसत आलेली माणसं वळणं कापून, एकमेकांचे हात धरून, सरळ खाली घसरत होती. म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवत होती. किती प्रेमानं! मी ओरडलो, “अहो, वाटेनं या! वाटेनं!” खालून कुणीतरी हसून उत्तर दिलं, “मास्तर, सगळ्या वाटा एकच!” माझंच वाक्य असावं ते. मला समजेना, कुणावर रागवू? वहिनी दगडांच्या प्रत्येक ओळीशी थांबत होत्या आणि साचलेला पाला पायानं सारत होत्या. तिसऱ्या वळणावर त्या थांबल्या, पण तिथं सारायला ओळच राहिली नव्हती. दगड खाली दरीत गेले होते.

पुढच्याच आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि तिसरं वळण गेलं. मला खबर मिळाली ती परतवाड्याच्या बाजारात. पठारावरची राधाबाई गवळण, जिला आमच्या घोळक्यातले सगळे ओळखायचो, खव्याची टोपली घेऊन भर दुपारी पोचली होती. एरवी सकाळी आठला तिचा खवा संपलेला असे. मी विचारलं तर म्हणाली, “वाट तुटली ना, मास्तर. मोटारीच्या रस्त्यानं आली. खवा आंबला.” तिला माझ्यावर रागवायला हवं होतं, तर ती उलट मलाच विचारते, “तुमचे थे साहेब गेले म्हणतात, खरं हाये का? बम माणसं आली होती त्याहिच्या नावानं. नशीबवान होते बाप्पा.” मी मान हलवली.

मग मी अकोल्याला गेलो, वहिनींकडे. माफी मागायलाच गेलो होतो, पण माझ्यातला मास्तर तिथंही गप्प बसेना. मी म्हणालो, वहिनी, वाट मोडली हे खरं, पण त्याचा अर्थ तरी लोकांपर्यंत पोचला. कोणता अर्थ, त्यांनी विचारलं. मी पुन्हा सांगितलं, ती कडेची वाट, ही एक वाट, तो मागून चालायचा ते. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं. “भाऊजी, एक इचारू? राग नोका मानू. तुमाले त्यायच्यात दुसरं काईच दिसलं नाही का? थे मागून चालत, कावून का मागून पाय दिसते. कोणाचा पाय कोठी पडते, काठ कोठी दबते, पाणी कोठी जाईन, थे पाह्यत होते. मले वाटेवर नेत तवा मले बी मागंच ठेवत, म्हणत तूही पाह्य. इतके वर्सं थे मातीकडं पाह्यत राहिले अन् तुमी त्यायच्याकडं पाह्यत राहिले.” मी म्हटलं, म्हणजे ते सगळं माझ्याच मनाचं? गावची ती वाट...? त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, “आमच्या गावची वाट कशी होती थे मले सांगू नोका. म्या चालली त्या वाटेनं. पण थे सांगायचं का नाही सांगायचं, थे त्यायच्या हाती होतं. त्यायनं नाही सांगतलं. तुमी कावून सांगतलं?”

मी तिथून उठलो तेव्हा माझं डोकं पार चक्रावलं होतं, ते अजून जागेवर नाही. खरं काय होतं? तो नुसती मातीच बघत होता? की ते दुसरंही होतं आणि त्यानं ते मला द्यायचं नाही असं ठरवलं होतं, त्या वेगळ्या कपातून चहा पिता पिता? दोन्ही होतं का? मी त्याला माझा जिवलग म्हणतो, आणि हे मला सांगता येत नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला मेलेल्यांच्या मनातलं सांगायची वाईट खोड असते. शंभर राजांच्या मनातलं मी बिनदिक्कत सांगत आलो, कुणी राजा उठून विचारायला आला नाही. तुळशीरामच्या वतीनं मात्र विचारणारं कुणीतरी होतं, हे माझं भाग्य म्हणायचं का फजिती, तेही कळत नाही.

एक मात्र कळतं, आणि त्यासाठीच संपादकांच्या हातापाया पडून ही जागा मागितली आहे. पदयात्रेला आलेल्या काही मंडळींनी पठाराच्या तोंडाशी तुळशीरामच्या नावाचा चौथरा बांधायचं ठरवलं आहे, आणि दर वर्षी श्रावणात तिथं जमायचं. त्यांचं प्रेम खोटं नाही, हे मी छातीला हात लावून सांगतो. मी वहिनींना पत्र लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आठ-दहा ओळींचं आलं. चौथरा नको. नाव नको. तिसरं वळण खात्यातले दोघं जण आणि राधाबाईचे घरवाले मिळून बांधताहेत, दगड जवळचेच आहेत. मोडलेल्या कडांवर आणि कापलेल्या वळणांवर बोरीच्या काट्या पसरल्या आहेत, त्याखाली गवत धरेल. वाट बांधून झाली की गवळणींपुरती मोकळी राहील, त्या अनवाणी, एकीमागं एक चालतात, त्यांच्यानं कधीच काही बिघडलं नव्हतं. आणि शेवटची ओळ, ‘बाकीच्यांनी पुढल्या पावसाळ्याच्या पाण्यात गवत टिकलं का ते दिसेपर्यंत येऊ नये, भाऊजींनीही.’

तर मंडळी, याच पानावर मी तुम्हाला बोलावलं होतं, याच पानावर हात जोडून सांगतो, येऊ नका. तुळशीरामवर तुमचं प्रेम असेल तर त्या वाटेवर जाऊ नका. दुसऱ्या कुठल्या डोंगरावर गेलात तर चिखलातून चाला, वळण कापू नका, आणि पाऊस पडून गेलेला असेल तर घरी बसा. एवढं केलंत की झालं. त्याचं नाव घ्यायचीही गरज नाही. ‘भाऊजींनीही’ हा शब्द मी पन्नासदा वाचला. राग आहे त्यात? की माझं पाऊलही इतरांइतकंच जड, एवढंच? वहिनींना विचारायची छाती होत नाही.

रविवार उजाडला की अजून पाचलाच जाग येते. मी उठतो, तोंड धुतो, कॅनव्हासचे जोडे पायात घालतो, नाड्या बांधतो आणि ओट्यावर येऊन बसतो. परतवाड्याची पहिली गाडी सहाला सुटते. ती सुटेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. बायको चहा आणून ठेवते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, “कुठं निघाले?” मी म्हटलं, “कुठंच नाही. तुळशीरामकडं.” तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, म्हाताऱ्याला वेड तर लागलं नाही ना अशा नजरेनं. आता विचारत नाही. सहा वाजून जातात, गाडी गेलेली असते. मग मी नाड्या सोडतो.